हवेचं कलम

जयश्रीने वाळूची दुसरी गोणी माळ्यावरच्या गादीवर आडवी केली, आणि तिच्याखाली उशी सरकवायला गेलेला हात मागे घेतला.

“मोठ्या माणसाला एक गोणी,” खालून सुरेंद्र वेखंडे म्हणाले. “पोरासाठी अर्धी. आहे ना अर्धी?”

“आहे.”

तिने अर्धी गोणी दोन भरल्या गोण्यांच्या मध्ये ठेवली, तोंडाची सुतळी ओढून पाहिली आणि शिडीवरून पाठमोरी खाली उतरली. घर इतकं लहान होतं की शिडीच्या शेवटच्या पायरीवरून टाकलेला पाय थेट दारातच पडायचा. ती बाहेर येताच शेखरने दार लावून घेतलं. शेडच्या तुळईला टांगलेली साखळी करकरू लागली आणि घराची एक बाजू हळूहळू वर उचलली गेली. त्या बाजूची चाकं जमीन सोडून लटकली. वेखंडे वाकून भिंतीला लावलेल्या कोनमापकाकडे बघत राहिले.

आत काहीतरी धपकन आदळलं. पाठोपाठ दुसरं. मग एक हलका आवाज.

“पोरगं पडलं,” शेखर हसत म्हणाला. आपल्या शेजारी कोण उभं आहे हे लक्षात येताच तो साखळीकडे बघू लागला.

“खाली घ्या,” वेखंडे म्हणाले.

चाकं पुन्हा जमिनीला टेकली. जयश्रीने दार आत ढकललं, ते बोटभर उघडून अडलं. तिने खांदा लावला. माळ्यावरून घसरलेल्या गोण्या दाराला टेकून पडल्या होत्या. आतून कुणी सगळा भार टाकून बसावं तसं ते दार जड लागत होतं. तिने खांदा काढून घेतला.

“दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं,” ती म्हणाली. “आणि माळ्याला कठडा.”

एसटीचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं. वेखंड्यांनी ते टिपून घेतलं.

मुरबाडच्या कारखान्यांच्या मागे, शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ही पत्र्याची शेड होती. जयश्री आणि तिचा नवरा इथे चाकांवरची छोटी घरं बांधायचे. नकाशे ती काढायची, वेल्डिंग त्याचं. टोकावडे, वैशाखरे या बाजूला माळशेज बघायला येणाऱ्यांसाठी शेतांमधून मुक्कामाची ठिकाणं निघाली, तशी त्यांच्या घरांना मागणी आली. शेतजमिनीवर पक्कं बांधकाम करायचं तर परवानग्यांचा फेरा. चाकांवरचं घर ट्रॅक्टरने ओढून आणलं की झालं. पण पहिलं घर त्यांनी कुणासाठी विकायला केलंच नव्हतं, ते स्वतःसाठी होतं. वडिलार्जित जमिनीवर नवऱ्याचे भाऊ पाया घालू देईनात. तेव्हा नवरा म्हणाला होता, “मरू दे पाया. आपण चाकं लावू.”

गेल्या वर्षीच्या माघात ती माहेरी, शहापूरला, भाचीच्या हळदीला गेली होती. सकाळी त्या पहिल्या घरात तो आंघोळीला गेला. गॅसवर पाणी तापवायचं यंत्र न्हाणीघरातच बसवलेलं होतं. गारठा आत येऊ नये म्हणून भिंतीच्या सगळ्या फटी त्याने स्वतःच भरल्या होत्या. त्याचं काम चोख असायचं. धाकट्या दिराने दार तोडलं तेव्हा टाकीतलं पाणी संपून नळ कोरडा झाला होता. अंगावर जखम नव्हती, चेहरा गुलाबी होता. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत गॅस जळून होणाऱ्या या वायूला वास नसतो, माणसाला कळत नाही. बाराव्याला आलेल्या बायका आपसात म्हणाल्या, बाई खंबीर आहे. जयश्रीने ते ऐकलं होतं. खंबीर म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. तिला भूक लागत नव्हती आणि रडू येत नव्हतं, एवढंच. मुलगी पूजा कल्याणला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती रोज संध्याकाळी फोन करायची. “जेवलीस?” “जेवले.” जेवली असो वा नसो, उत्तर तेच.

नंतर पावसाळ्यात घाटाखाली एक घर उतारावरून घरंगळत थेट ओढ्यात गेलं. रिकामं होतं म्हणून निभावलं. मग मात्र तालुक्याच्या कार्यालयाला जाग आली आणि या घरांसाठी नियमांचा मसुदा करायला एक लहानशी समिती नेमली गेली. भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले इंजिनियर वेखंडे तिचे प्रमुख. ज्याची चार घरं वैशाखऱ्याच्या वर उतारावर उभी होती तो शेखर विशे, वापरणाऱ्यांच्या बाजूने. आणि बांधणाऱ्यांच्या बाजूने जयश्री. तिला बोलवावं की नाही यावर बराच खल झाला म्हणे. तिने स्वतः कसलाच विचार केला नाही. बोलावलं, ती गेली.

चाचणी आटोपल्यावर तिघं शेडमध्येच प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून बसली. समोरच्या टपरीवरून चहा आला.

“पहिलं कलम,” वेखंड्यांनी चष्मा चढवला. “ही वस्तू आहे काय, तेच आधी ठरायला पाहिजे. घर म्हणावं तर पाया नाय. गाडी म्हणावी तर इंजिन नाय. ग्रामपंचायत म्हणते आमचं नाय, परिवहनवाले म्हणतात आमचं नाय.” त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. “मी असं लिहिलंय. ‘पर्यटकांच्या मुक्कामासाठी वापरली जाणारी, चाकांवरील, हलवता येण्याजोगी लहान घरे.’”

“बरोबर आहे,” शेखर म्हणाला.

“बरोबर आहे, पण एक खुटखुट आहे. वीटभट्ट्यांवर बघा तुमी. जुन्या केबिना, चाकं लावलेले डबे, त्यात मजुरांची कुटुंबं राहतात. ‘पर्यटक’ हा शब्द काढला तर ती सगळी या नियमांत येतात. आणि आली की त्याच दिवशी बेकायदा ठरतात. उद्या कुणी तक्रार केली की पोराबाळांसकट बाहेर, उघड्यावर. नाय घेतली आत, तर त्यांच्या जिवाची जबाबदारी कुणाचीच नाय.”

त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

“साहेब, आपल्याला सांगितलंय तेवढं करू ना,” शेखर म्हणाला. “सगळ्या दुनियेचं घर आपण कुठं बांधत बसणार?”

दोघांनी जयश्रीकडे पाहिलं. तिच्या चहावर साय धरली होती. तिने ती बोटाने काढली आणि बोट कुठे पुसावं ते न सुचून तसंच धरून ठेवलं.

“पर्यटकांपुरतं ठेवा,” ती म्हणाली.

ब्रेक, दोन चाकांमधलं अंतर, उतारावर उभं करताना लावायचे टेकू, वाऱ्यात घर जमिनीला बांधून ठेवायचे दोर, असं एकेक कलम पुढे सरकत गेलं. दुपार कलली. शेवटी एकच कागद राहिला. वेखंड्यांनी तो हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

“ताई, हा भाग मी घरी बसून बघतो. तुमी नका त्रास…”

“लिहिलंय मी,” जयश्री म्हणाली आणि वाचू लागली. “‘प्रत्येक घरास समोरासमोरच्या दोन भिंतींत, एक जमिनीलगत व एक छपरालगत, अशी कायम उघडी राहणारी हवेची छिद्रे असावीत. ती झडपेने, काचेने वा अन्य प्रकारे बंद करता येऊ नयेत. गॅसवर पाणी तापवण्याचे यंत्र घराच्या आत बसवू नये. मागील वर्षीच्या घटनेतील बाधित व्यक्ती ज्या घरात राहत होती, त्या घरास अशी छिद्रे नव्हती.’”

शेडच्या पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज येत होता.

“यंत्राचं पटलं,” शेखर अडखळत म्हणाला. “ते बाहेरच पाहिजे. पण कायमची उघडी भोकं… वहिनी, राग मानू नका. घाटाखाली थंडी काय असते तुम्हाला ठाऊक आहे. डास येणार, एसी फुकट जाणार. लोक बोळे कोंबतील त्यात. नुसतं कागदावर लिहून कोण ऐकणार? काही मोजून दाखवायला पाहिजे. दार लावल्यावर किती वेळात वायू साठतो, छिद्र असल्यावर किती.”

“मोजायचं यंत्र मिळेल,” वेखंडे म्हणाले. “इथल्या एका कारखान्यात आहे. पण त्यासाठी तसं बंदिस्त घर पाहिजे. आता सगळ्यांनी खिडक्या बदलून घेतल्यात.”

शेखर खुर्चीत जरा पुढे सरकला आणि तोंड उघडून पुन्हा गप्प झाला. वेखंड्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. तो काय म्हणणार होता ते तिघांनाही कळलं होतं.

“आमचं पहिलं घर आहे,” जयश्री म्हणाली. “किन्हवलीच्या पुढे, दिराच्या शेतात. मी उद्या जाऊन बघून येते. चाकं धड असली तर ट्रॅक्टर सांगू.”

“ताई, दुसरं कुणी जाईल.”

“का? मला रस्ता माहीत आहे.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्कूटरवर निघाली. डिकीत पाने, ड्रिल, बॅटरीवरची करवत, कानस. आतलं सामान सोडवावं लागलं तर हाताशी असावं म्हणून. किन्हवलीच्या रस्त्याला दोन्हीकडे भाताची धसकटं आणि मधूनमधून वालाचे हिरवे तुकडे. भट्ट्यांचा धूर जमिनीलगत पसरलेला. पळस फुलला होता. दर वर्षी याच दिवसांत तो स्कूटर थांबवून म्हणायचा, बघ, पेटलाय. ती पुढे निघून गेली तेव्हा तिला इतकंच जाणवलं की आपण थांबलो नाही.

घर शेताच्या कडेला चिंचेखाली उभं होतं. टायरमधली हवा गेलेली, एक बाजू किंचित खचलेली. तिने गेल्या वर्षभरात ते पाहिलं नव्हतं. विधी आटोपल्यावर दिराने ट्रॅक्टर लावून ते इथे आणून सोडलं होतं आणि तिने का म्हणून विचारलंही नव्हतं.

घर ओढायच्या लोखंडी दांडीवर लुगडं वाळत होतं.

तिने स्कूटर बंद केली. दारातून एक तरुण बाई बाहेर आली. कडेवर पोर, केसांवर विटांची तांबूस धूळ. ती जयश्रीकडे, मग स्कूटरकडे, मग रस्त्याकडे बघू लागली. आणखी कोणी मागून येतंय का ते तिने आधी पाहून घेतलं.

“आमाला काढाला आलाव का?” तिने विचारलं.

“नाही. घर बघायला आले. तू कोण?”

“हिरी. शेटनी ठेवलंय आमाला, वालाची राखण कराला. माजा नवरा चंदर, तो भट्टीवर हाय. आमी काय मोडलं नाय, बाय. हाय तसाच हाय सगला.”

“बघू आत?”

हिरी बाजूला झाली.

जयश्री आत गेली. भिंतीत दुमडून ठेवायचं टेबल तिनेच आखलेलं. आता त्यावर मडकी होती. माळ्यावर पेंढा पसरून त्यावर गोधडी. न्हाणीघराचं तुटलेलं दार बाजूला काढून ठेवलेलं आणि आत सरपण रचलेलं. यंत्र दिराने कधीच उचकटून नेलं होतं. भिंतीवर नुसती बोल्टांची भोकं उरली होती, तीही शेणमातीने बुजवलेली. हाच तो उंबरठा, असं तिने मनात म्हणून पाहिलं. काही झालं नाही. तिने खाली वाकून चाकांवरच्या लोखंडी सांगाड्याचा गंज तपासावा तसं जमिनीवरच्या फळ्यांकडे पाहिलं. फळ्या चांगल्या होत्या.

तिथेच, शिडीच्या पायथ्याशी, एक घमेलं होतं. त्यात राखेचा थर आणि विझलेले कोळसे.

“हे आत कशाला?”

“इंगळ आणताव रातचं. भट्टीवरनं. थंडी लय हाय, बाय. पोर लहान. दार लावून घेतलं का ऊब ऱ्हाते सकाळपतूर. चांगला घर हाय, वारा म्हणून शिरत नाय.”

जयश्रीने पोरीकडे पाहिलं. ती आईच्या खांद्यावर मान टाकून होती. डोळे उघडे, पण कशावर ठरत नव्हते.

“हिला काय होतंय?”

“काजलला? सकालची अशीच ऱ्हाते. ओकते. मंग बाहेर हिंडली का दुपारच्याला बरी. आज जरा जास्तीच हाय. माजं पण डोकं धरतं. कामाचं आसल.”

“कधीपासून?”

“ही थंडी पडली तवापासून.”

जयश्री खाली वाकली. तिने घमेलं उचललं, बाहेर नेलं आणि चिंचेच्या मुळाशी उपडं केलं. हातांना राख लागली. ती हिरीला म्हणाली, “आज हिला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. मी येते बरोबर. इंगळांबद्दल मी सांगेन डॉक्टरांना. आणि आजपासून ते आत न्यायचे नाहीत.”

“बरं,” हिरी म्हणाली.

साहेब लोकांना म्हणतात तसलं ते बरं होतं. जयश्रीला ते ओळखू आलं. उद्या पुन्हा गारठा पडेल, पोर कुडकुडेल, आणि घमेलं आत जाईल. तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

ती स्कूटरकडे गेली आणि तिने डिकी उघडली.

“कराचा काय?” हिरीने विचारलं.

“भोकं पाडायचीत. आधी हे, मग दवाखाना. परत येईतो अंधार पडेल.”

तिने खडूने भिंतीवर चौकोन आखला, न्हाणीघराच्या बाजूला, जमिनीलगत. ड्रिलने कोपरे पाडले आणि करवत चालवली. पत्रा किंचाळला. पोर दचकून रडू लागली. तिचं ते रडणं ऐकून जयश्रीचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. दोन पत्र्यांच्या मधला पांढरा थर भुसभुशीत होऊन तिच्या मांडीवर सांडत होता. तुकडा सुटून बाहेर पडला तसं शेत दिसलं, वालाचे वेल आणि त्यापलीकडे भट्टी.

“येवढा मोठा?” हिरी पुढे आली. “आगं, थंडी शिरल ना. साप येल.”

“जाळी बसवते. थंडी येऊ दे. आणखी गोधड्या मी आणून देईन.”

“आनि वर पण पाडतंस?”

“वर पण.”

समोरच्या भिंतीला, छपरालगत, तिने माळ्यावर गुडघे टेकून दुसरा चौकोन कापला. तो सुटला तसा खालचा वारा वर आला. पेंढ्यातली बारीक काडी उचलली गेली, त्या चौकोनापाशी घुटमळली आणि बाहेर निघून गेली.

तिने तिथूनच फोन लावला.

“साहेब, घर चाचणीला मिळणार नाही.”

“चाकं खराब आहेत का?” वेखंड्यांनी विचारलं.

“घर रिकामं नाही. आणि चाचणीची गरजही नाही. इथे रोज रात्री होतेय ती. दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल. मुलाला आज दवाखान्यात नेतेय.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“पहिल्या कलमातला ‘पर्यटक’ काढा,” ती म्हणाली.

“ताई, काल बोललो ना आपण. मग ही माणसं बाहेर पडतील.”

“हवेचं कलम सगळ्या घरांना लावा. बाकीची राहू द्या पर्यटकांपुरती. आणि त्याखाली लिहा की पूर्तता मालकाने करायची, आणि त्यासाठी राहणाऱ्याला बाहेर काढता येणार नाही.”

“मालक ऐकतील का? भट्टीवाले, तुमचे दीर…”

“हे घर दिराचं नाही. मालक मी आहे.”

तिने फोन ठेवला. खाली हिरी वर मान करून बघत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

*

दवाखान्यात पोरीला बराच वेळ नळीने प्राणवायू दिला. जयश्रीने इंगळांचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी हिरी आणि जयश्री दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, वेळेत आणली. मग परत नेताना काजल जयश्रीच्या पुढ्यात उभी राहून स्कूटरच्या आरशाला बोटं लावत होती. तिला आरशातला रस्ता मागे जाताना बघायचा होता.

शेतावर पोचल्या तेव्हा दिवस मावळायला आला होता. जयश्री पुन्हा कामाला लागली. कापलेल्या पत्र्याच्या कडा धारदार होत्या. पोरीचा हात लागला तर चिरेल. तिने कानस काढली. हिरीने बाहेर चूल पेटवून भात टाकला. भात झाल्यावर तिने पळसाचं पान तोडून आणलं, त्यावर चार शितं आणि सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला आणि ते पान न्हाणीघराच्या उंबरठ्याशी नेऊन मांडलं.

“हे कुणासाठी?” जयश्रीने विचारलं.

“त्याच्यासाठी. हितं मेला ना तो.”

कानस थांबली.

“तुला कुणी सांगितलं?”

“समद्यांना ठावं हाय. म्हणून तर रिकामा व्हता घर. नायतर आमाला कोण घर देतंय?” हिरी पान नीट करत म्हणाली. “पोर सकालची मान टाकाची. मला वाटलं, आमी हितं ऱ्हातो ते त्याला पटत नसल. म्हणून रोज ठेवते. उपाशी माणूस राग धरतो.”

“तो नाही करत ते,” जयश्री म्हणाली.

हिरीने वर पाहिलं.

“तो कुणाच्या पोराला त्रास देणार नाही. कधीच नाही. कुणाचं पोर रडलं तर हातातलं काम टाकून उठायचा तो.” ती थांबली. एवढं लांब बोलायची तिला सवय राहिली नव्हती. “ते इंगळ करतात. कोंडलेली हवा करते. त्यालाही तिनेच नेलं. त्याचा यात काही दोष नाही.”

“तुजा व्हता तो?”

जयश्रीने मान हलवली.

हिरी उंबरठ्याशी तशीच उकिडवी बसून राहिली. पोर तिच्या पाठीला येऊन चिकटली.

“नाव काय त्याचं?” तिने विचारलं. “रोज ठेवते, पण हाक माराला नाव नाय. नुसती म्हणते, घरवाल्या, जेव.”

लग्नातल्या उखाण्यानंतर जयश्रीने चारचौघांत त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्यांच्यात बायका घेत नसत. दाखल्यावर ते दुसऱ्यांनी लिहिलं, दवाखान्यात दिराने सांगितलं, मसुद्यात तिने स्वतः त्याच्या जागी दुसरेच शब्द वापरले.

“संजू,” ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “नाव संजय. घरात संजू म्हणायचे.”

हिरीने पानाकडे तोंड केलं.

“संजू, जेव रे,” कामावरून उशिरा आलेल्या भावाला सांगावं तसं ती म्हणाली. “तुजी बायको आली हाय.”

बाहेर चुलीवर ठेवलेल्या भांड्याचं झाकण थडथडत होतं. हिरी उठून तिकडे गेली, तिच्यामागून पोरही गेली. जयश्रीने कानस उचलली. अजून एक कड राहिली होती. ती तिला नीट दिसत नव्हती, म्हणून तिने बोटाने चाचपली, कुठे खरखरीत लागतंय ते पाहिलं, आणि तिथे हळूहळू घासू लागली.